शहाणपणाची गोळी

"तुमच्या मुलाला एडीएचडी आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. मग त्यांनी पूर्ण नाव सावकाश सांगितलं, अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर. मराठीत सांगायचं तर लक्ष एका जागी न टिकणं, अंगात सारखी चुळबुळ असणं, आणि मनात आलं की विचार करायच्या आत ते करून मोकळं होणं. मूल हे मुद्दाम करत नाही, त्याच्या मेंदूची घडणच तशी असते, असं त्या समजावत होत्या. तोवर आमचा सुमित त्यांच्या वजनकाट्यावर चढत होता, उतरत होता आणि पुन्हा चढत होता.

माझं निम्मं लक्ष दाराकडं होतं. दाराबाहेरच्या पाटीवर 'मानसोपचार' असा शब्द होता आणि त्या पाटीखालून मी पोराला घेऊन आत आलो होतो. खोटं कशाला बोलू? पोराला काय झालंय यापेक्षा आपल्याला इथं कुणी बघितलं तर नाही ना, हाच घोर मला लागला होता. असं मूल ज्यांच्या घरात आहे त्यांच्यासाठी मी हे लिहितोय. आजाराबद्दल तर लिहीनच, पण माझ्या लाजेबद्दल जास्त लिहावं लागेल, कारण आजारापेक्षा तिनंच आमचं जास्त वाटोळं केलं.

ही दोन हजार तीन-चार सालची गोष्ट. मी शिरूर डेपोत कंडक्टर होतो. कंडक्टरला सगळा तालुका ओळखतो. बाजारात भाजी घ्यायला गेलं तरी चार जण "काय मास्तर, आज सुट्टी?" म्हणून विचारतात. अशा माणसाला झाकून ठेवायचं काही असलं की फार पंचाईत होते.

सुमितची लक्षणं बालवाडीपासूनची. पाण्याची बाटली शाळेत, दप्तर मित्राकडं, चपला कुठं ते देवाला ठाऊक. फळ्यावरचं अर्धं उतरवायचा आणि उरलेल्या पानावर एसटीची चित्रं काढायचा. वर्गात सत्तर पोरं. 'हाताची घडी, तोंडावर बोट' असा हुकूम सुटला की बाकीची एकोणसत्तर गप्प व्हायची आणि हा तोंडावर बोट ठेवून उभा राहायचा. बसायला सांगितलं हे त्याच्या कानात शिरायचंच नाही. मग बाई त्याला वर्गाबाहेर काढायच्या. त्याची त्याला शिक्षा वाटायची नाही, उलट व्हरांड्यात शिपाईमामांशी गप्पा रंगायच्या.

चौथीच्या सुरुवातीला बाईंनी मला बोलावून घेतलं. मी ड्यूटीवरून खाकी कपड्यांतच गेलो. सगळ्या वर्गासमोर त्यांनी विचारलं की घरी ह्याच्याकडं कुणी बघतं की नाही. पोरं हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आल्यावर मी सुमितला मारलं. तो रडला, आणि रडता रडता खिडकीतून ट्रॅक्टर जाताना दिसला तर तो बघायला पळाला.

शिरूरच्या बालरोगतज्ज्ञांनी आधी कान तपासायला लावले. ऐकू येत नाही म्हणून ऐकत नसेल, असं कधी कधी असतं म्हणाले. कान ठीक निघाले. डोळे ठीक. मग थायरॉइडसाठी, म्हणजे गळ्यातल्या ग्रंथीसाठी, रक्त तपासलं. तेही ठीक. सगळे रिपोर्ट चांगले आले की बापाला आनंद व्हायला पाहिजे. मला वाटत होतं, कानातच काहीतरी निघालं असतं तर बरं झालं असतं. कानाचं लोकांना सांगता येतं. शेवटी त्यांनी पुण्याला लहान मुलांच्या मानसोपचार तज्ज्ञांकडं पाठवलं.

आता गंमत ऐका. मी एसटीचा माणूस, खिशात पास, डेपोतून तासातासाला पुण्याची गाडी. पण गाडीतला कंडक्टर आपलाच दोस्त, तो विचारणार "पोराला घेऊन कुठं निघालास?" म्हणून मी, बायको मंदा आणि सुमित बायपासला उभे राहून वडापच्या, म्हणजे चोरून प्रवासी भरणाऱ्या, जीपमध्ये कोंबून घ्यायचो. ज्या वडापला मी रोज शिव्या घालायचो त्याच जीपमध्ये मान खाली घालून बसायचो. शिक्रापूरच्या ट्रकांच्या गर्दीत जीप अडकली आणि शेजारून आपली लाल गाडी निघाली की मी रुमाल तोंडावर धरायचो. आपलीच मोरी अन् अंघोळीची चोरी म्हणतात ती ही.

पुण्याच्या वेटिंग रूममध्ये सगळे असेच. कुणी कुणाकडं बघायचं नाही. पोरं मात्र एकमेकांत लगेच मिसळायची, खुर्च्यांखालून रांगायची, आणि आईबाप भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसायचे. दोन-तीन वेळा बोलावून, सुमितशी खेळून, आम्हाला ढीगभर प्रश्न विचारून मगच डॉक्टरबाईंनी निदान केलं. मधे एकदा त्यांनी शाळेतल्या बाईंशी फोनवर बोलायचंय म्हणून सांगितलं. मी म्हणालो, शाळेत फोन नाही. फोन होता. मंदानं माझ्याकडं बघितलं.

निदानानंतर त्यांनी गोळी लिहून दिली. तिचं नाव मेथिलफेनिडेट. लक्ष धरून ठेवायला मेंदूत जी रसायनं लागतात त्यांना ती मदत करते. सकाळी खाऊन झाल्यावर अर्धी द्यायची, आमच्या सुमितला रविवारी द्यायची नाही, दर महिन्याला वजन करायचं. भूक कमी होते, झोप उडते, छातीत धडधड वाढू शकते, तसं काही झालं की लगेच कळवायचं. ही गोळी साध्या चिठ्ठीवर मिळत नाही, जपून ठेवायची, हे त्यांनी दोनदा बजावलं. आणि एक गोष्ट त्यांनी सगळ्यात जोर देऊन सांगितली. गोळी एकटी काही करत नाही. सुमितला पुढच्या बाकावर बसवा, काम थोडं थोडं द्या, मधून उठायला द्या, फळा पुसायला सांगा. त्यासाठी शाळेत सगळं खरं खरं सांगा.

शाळेत मी काहीच सांगितलं नाही. मंदा जीपमध्ये हळूच म्हणाली, "सांगून टाका की. चोरी थोडीच केलीय आपण?" मी म्हणालो, "उद्या सगळं गाव येड्या कंडक्टरचा येडा पोरगा म्हणंल."

पहिली गोळी घेताना सुमितनं विचारलं, "पप्पा, ही कसली?" माझ्या तोंडून निघून गेलं, "शहाणपणाची गोळी हाय. ही घेतली की शहाणा होशील." त्याला ते फार आवडलं. त्यानं ती गिळली आणि त्याच दिवशी सगळ्या वर्गाला सांगितलं.

गोळी लागू पडली, हे मी नाकारणार नाही. आठवड्या-दोन आठवड्यांत सुमित बसायला लागला. वही पूर्ण. गणितात खालून दुसरा असायचा तो मधे आला. बाईंनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, स्मरणशक्तीचं टॉनिक आहे, पुण्याचं. बाई खूश. रोज सकाळी हजेरी घेताना विचारायच्या, "काय रे, शहाणपणाची गोळी घेतली का आज?" पोरं हसायची. मला ते कळलं तेव्हा मी पण हसलो. डेपोतला एक ड्रायव्हर आणि आमच्या आळीतल्या दोन बाया विचारायला आल्या, आमच्या पोरालाही ती गोळी आणा की. मी मिशीत हसून म्हणायचो, "सगळ्यांना न्हाई मिळत ती." काल ज्या पोरापायी तोंड लपवत होतो, त्याच्याच गोळीचा मला तोरा चढला.

डबा जसाच्या तसा परत यायचा. मंदा म्हणायची, पोरगं वाळलं. मी म्हणायचो, वाढीचं वय आहे. वजन करायला मी दोन महिने नेलंच नाही, ड्यूटीचं कारण सांगून. आणि रविवारीसुद्धा मी गोळी द्यायचो, कारण रविवारी पाहुणे यायचे. पूर्वी सुट्टीत माझ्या गाडीत बसला की सुमित इंजिनाजवळच्या सीटवरून सगळे थांबे ओरडायचा, म्हाताऱ्यांच्या पिशव्या धरायचा, ड्रायव्हरला शंभर प्रश्न विचारायचा. आता काचेला डोकं टेकवून बाहेर बघत बसायचा. लोक म्हणायचे, केवढा गुणी पोरगा. मला बरं वाटायचं. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

माझी धाकटी बहीण अलका दौंडला दिलेली. दाजी रेल्वेत. त्यांची प्राजक्ता आमच्या सुमितएवढीच, तीही चौथीत. पोरगी हुशार, पण तोंडाचा पट्टा अखंड चालू. तिच्याही शाळेतून तक्रार असायची की वर्गात बोलते. त्या वर्षी दोघांची चौथीची स्कॉलरशिप होती, आणि चौथीची स्कॉलरशिप म्हणजे पोरांपेक्षा आईबापांचीच परीक्षा.

संक्रांतीला आम्ही दौंडला गेलो. तिळगूळ झाला, सुमित कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसलेला. अलका म्हणाली, "दादा, आमच्या प्राजूला बी दे की ती गोळी. परीक्षेपुरती." मी हसण्यावारी नेलं. तेव्हा दाजी म्हणाले, "का हो, गुपित हाय का काय? का येरवड्याची गोळी हाय?" आणि मोठ्यानं हसले. येरवडा म्हटलं की आमच्याकडं वेड्यांचं इस्पितळ, दुसरं काही नाही. त्यांची आईही तिथंच बसली होती.

तेव्हाच सांगायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण दाजींचं ते हसू मला झोंबलं. मी उठलो, मंदाच्या पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि कात्रीनं चार गोळ्या कापून अलकाच्या हातात दिल्या. "अर्धीच द्यायची, सकाळी, खाल्ल्यावर," एवढं सांगितलं. मंदा स्वयंपाकघरात होती. मनाला समजावलं की अर्ध्या गोळीनं काय होतंय. एवढ्याशा हसण्याला भिऊन मी भाचीला औषध देऊन आलो.

परीक्षेच्या दोन दिवस आधी डेपोत कंट्रोलरच्या टेबलावर फोन आला. प्राजक्ताला दौंडला दवाखान्यात ठेवलंय, लगेच या. मी ड्यूटी बदलून घेतली. मंदा माहेरी होती, म्हणून सुमितला शाळेतून उचलून बरोबर घेतलं. न्हावऱ्याच्या पुढं रस्ता खराब, गाडी रांगत होती, आणि मी देवाला सांगत होतो की गोळीचं काही नसू दे, ताप असू दे, काहीही असू दे.

प्राजक्ता खाटेवर होती. हात थरथरत होते, डोळे टक्क उघडे, दोन रात्री झोप नाही, ओकाऱ्या. तिच्या छातीला वायरी लावून ईसीजी काढत होते, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख. ठोके फार जोरात पडत होते. तिथले तरुण डॉक्टर सगळ्यांना विचारत होते, हिला काय दिलंय? दाजी, त्यांची आई, शेजारच्या दोघी, सगळे भोवती उभे. अलका माझ्याकडं बघत रडत होती.

"दादाची शहाणपणाची गोळी दिली," ती म्हणाली.

"किती?"

"दादा अर्धी म्हणला व्हता. पण अर्ध्या गोळीनं अर्धंच शहाणपण येणार, म्हणून मी आख्खी दिली. सकाळी एक, रातच्या अभ्यासाला एक. दोन दिवस."

डॉक्टर माझ्याकडं वळले. "नाव काय गोळीचं?"

मी म्हणालो, टॉनिक होतं, स्मरणशक्तीचं. पोरगी डोळ्यांसमोर तडफडत होती आणि तरी मी हे म्हणालो. डॉक्टरांनी आवाज चढवला नाही. "मला खरं नाव सांगा. पुढचं सगळं त्यावर आहे."

मग मी सांगितलं. मेथिलफेनिडेट. माझ्या मुलाला एडीएचडी आहे, पुण्याच्या मानसोपचार तज्ज्ञांनी त्याच्यासाठी दिली. दाजींच्या आईनं तोंडाला पदर लावला. डॉक्टर मात्र लगेच कामाला लागले. नाव कळलं ते बरं झालं म्हणाले. शांत करणारं औषध दिलं, सलाईन लावलं, ठोक्यांवर लक्ष ठेवलं.

मी बाहेर बाकड्यावर येऊन बसलो. सुमित माझ्या शेजारी. त्यानं सगळं ऐकलं होतं. पाय हलवत त्यानं विचारलं, "पप्पा, प्राजूला बी माझ्यासारखं येड लागलंय का?"

त्याला माहीत होतं. वर्गातली पोरं त्याला 'गोळी' म्हणायची, वेडा म्हणायची, आणि हा रोज सकाळी ती गोळी गिळून, आता आपण शहाणे होऊ म्हणून वाट बघत होता. मी इतके महिने जे झाकून ठेवायला जीव टाकत होतो, ते ज्याच्यापासून झाकायचं होतं त्यालाच पहिल्यापासून ठाऊक होतं. मी त्याला कुशीत घेऊन तिथंच, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, रडलो.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत प्राजक्ताचे ठोके ठिकाणावर आले. जाग आल्यावर तिनं पहिल्यांदा परीक्षा बुडाली का ते विचारलं. पुढचं सगळं वर्ष दाजी माझ्याशी नीट बोलले नाहीत. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

त्या आठवड्यात आम्ही पुण्याला गेलो ते डेपोतल्या गाडीनं. डॉक्टरबाईंना मी काही लपवलं नाही, फोनचं खोटंसुद्धा सांगितलं. सुमितचं वजन केलं, ते कमी झालं होतं. त्यांनी डोस कमी केला, रविवार आणि सुट्टीत गोळी बंद म्हणजे बंद. मला वाटलं रागावतील. त्या म्हणाल्या, "गोळी सुमितसाठी आहे, वर्गासाठी नाही. सत्तर मुलांना पाच तास हलायचं नाही म्हणून सांगितलं, तर तिथं मीसुद्धा बसू शकणार नाही. मग काय मलाही गोळी देणार?" मग त्यांनी सुमितला समोर घेतलं आणि तू वेडा नाहीस, तुझं डोकं जोरात पळतं आणि त्याला ब्रेक जरा उशिरा लागतो, असं त्याला कळेल असं सांगितलं. त्यानं विचारलं, "एसटीसारखा?" त्या म्हणाल्या, "जुन्या एसटीसारखा." तो खुदकन हसला. किती महिन्यांनी हसला ते मंदाला विचारा.

शाळेत मी एकटाच गेलो. बाईंना खरं नाव सांगितलं आणि खरं कारण. मला वाटलं आता त्या सुनावतील. त्या खडू हातात फिरवत खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, "मी अजून दोन पालकांना सांगितलंय हो, पुण्याहून ती गोळी आणा म्हणून." त्यांचाही चेहरा पडला होता. पुढं म्हणाल्या, "सत्तर आहेत मला. तुमच्या गाडीत सत्तर झाले तर तुम्ही काय करता?"

मी म्हणालो, "ओरडतो. पुढं सरका म्हणतो."

"मग मी पण तेच करते," त्या म्हणाल्या.

माझा त्यांच्यावरचा राग तिथंच संपला. माझी गाडी निदान तासाभरात रिकामी होते. त्यांची वर्षभर भरलेलीच.

पालकसभेत मी उभा राहिलो. माझ्या मुलाला काय आहे ते सांगितलं, ती गोळी शहाणपणाची नाही आणि डॉक्टरांशिवाय कुणी कुणाला द्यायची नाही हे सांगितलं, दौंडला काय झालं तेही सांगितलं. मग मागणी केली की चौथीची दुसरी तुकडी करा, आणखी एक शिक्षक द्या. मुख्याध्यापक म्हणाले, वर कळवतो. ते वर कुठं गेलं ते आजवर खाली आलेलं नाही. पण बाईंनी त्यांच्या हातात होतं ते केलं. पाढे मैदानात चालत म्हणायचे. बेरजा चिंचोक्यांनी, ओट्यावर बसून. दर अर्ध्या तासानं सगळ्या वर्गानं उठून दोन उड्या मारायच्या. त्यानं सुमित सुधारला तो सुधारलाच, पण बाई म्हणाल्या की सुमितशिवाय आणखी दहा-बारा पोरं नीट ऐकायला लागली, आणि त्यांना तर काहीच आजार नव्हता. आजाराचं औषध डॉक्टर देतील हो, पण पोराला हलायला जागा द्यायची तर ती शाळेनंच द्यायला पाहिजे. सगळ्या शाळांना हे कधी कळणार कोण जाणे.

तुमच्या घरात असं मूल असेल तर गोळीला भिऊ नका. आमच्या सुमितला तिचा उपयोग झाला, पुढं तीन वर्षं कमी डोसमध्ये चालू होती, आणि मग डॉक्टरबाईंनीच हळूहळू थांबवली. पण तिला तिच्या खऱ्या नावानं हाक मारा. मुलालाही खरं सांगा, त्याला अंदाज असतोच. वजन करा, डबा उघडून बघा. आणि मूल अचानक फार गुणी झालं तर खूश व्हायच्या आधी त्याच्याजवळ जरा बसा. डॉक्टरबाईंचे, दौंडच्या त्या तरुण डॉक्टरांचे आणि आमच्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

लाज मात्र अशी एका दिवसात जात नाही. सुमित पाचवीत असताना सुट्टीत एकदा माझ्या गाडीत होता. गाडी खच्चून भरलेली. रांजणगावला एक ओळखीच्या काकू चढल्या आणि उभ्या उभ्याच मला म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या पोराला ती हुशारीची गोळी देता म्हणं?" आजूबाजूच्या माना वळल्या. मी पंचिंगच्या चिमट्याशी उगाच खटपट करत राहिलो.

पुढच्या सीटवरून सुमित उठून उभा राहिला. सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाला, "ती हुशारीची न्हाई, काकू. मला एडीएचडी हाय, त्याची हाय." आणि लगेच ड्रायव्हरला विचारायला लागला की हॉर्न दोन का असतात.

काकू माझ्याकडं बघायला लागल्या. मी त्यांचं तिकीट फाडलं, पंच केलं, हातात दिलं आणि म्हणालो, "बरोबर सांगतोय तो. माझा पोरगा हाय."